मादी ‘वाहक’, नर ‘क्लिअर’. मग अडचण नेमकी कुणाची?

पत्राचा सारांश: ‘माझ्याकडे साडेचार वर्षांची लॅब्राडोर मादी आहे. ती दोनदा व्याली, पिल्लं चांगल्या घरी गेली. पहिल्या वेतातली एक मुलगी आमच्याकडेच आहे, ती आता दोन वर्षांची झाली. तेव्हा कसल्याच चाचण्या केल्या नव्हत्या. व्हेटनं तपासून ‘फिट आहे’ म्हटलं, तेवढ्यावर मेटिंग केलं. या खेपेला पिल्लू मागायला आलेल्या एका बाईंनी आई-बापाचे हिप्सचे आणि डोळ्यांचे रिपोर्ट मागितले. मी ओशाळले, आणि मादीचे एक्स-रे व डीएनए चाचणी करून घेतली. हिप्स चांगले, कोपरं स्वच्छ, पण पीआरए या डोळ्यांच्या आजाराची ती कॅरिअर, म्हणजे वाहक निघाली. ज्या चॅम्पियन नराशी मेटिंग ठरलंय, त्याच्या मालकांकडे दोनशेहून जास्त आजारांचा डीएनए रिपोर्ट आहे आणि त्यात सगळं क्लिअर आहे. ‘खोट तुमच्या मादीत आहे, तरी मी तयार आहे,’ असं ते म्हणतात. नराच्या हिप्सचा एक्स-रे काढलेला नाही. ‘तो धावतो कसा ते बघा’ म्हणतात. एक जाणत्या ब्रीडर सांगतात, वाहक मादी बादच करायची. या कामात माझ्यासोबत असलेला माझा भाऊ म्हणतो, रिपोर्ट कपाटात ठेव, कोण विचारतंय. मी तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून टाकू का? आणि आधीच्या पिल्लांच्या घरी हे कळवायचं का?’

तुमच्या पत्रातली तीन माणसं तीन वेगळे सल्ले देतात, पण तिघांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: या जोडीतली अडचण तुमची मादी आहे. नरमालक ती मोठ्या मनानं चालवून घेणार, जाणत्या बाई तिला बाजूला काढणार, भाऊ ती झाकणार. तुम्हीही तेच धरून चालला आहात, म्हणून ऑपरेशनपर्यंत गेलात. मला काळजी वाटली ती नराची. या दोघांपैकी ज्याच्याबद्दल आपल्याला पुरेशी माहिती आहे असा कुत्रा एकच आहे, आणि तो तुमच्या घरी आहे.

आधी मादीचं बघू. पीआरए म्हणजे डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार. सुरुवात रात्रीच्या अंधत्वानं होते. कुत्रा संध्याकाळी पायऱ्या उतरायला बिचकतो, अंधारात चाचपडतो, आणि पुढे दिवसाही दिसेनासं होतं. त्यावर उपचार नाही. या आजाराचे प्रकार बरेच आहेत. लॅब्राडोरमध्ये नेहमी तपासला जातो तो पीआरसीडी या जनुकातला बदल, आणि तुमच्या रिपोर्टवरही बहुधा तेच नाव असेल. एकदा बघून घ्या. हा बदल अप्रभावी आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच कुत्र्याची दृष्टी जाते. तुमच्या मादीची एक प्रत बिघडलेली आहे, दुसरी धड आहे. या बदलापायी ती कधीही आंधळी होणार नाही. ती आजारी नाही, थोडीशीही नाही.

तिची गाठ क्लिअर नराशी घातली तर प्रत्येक पिल्लू आईसारखं वाहक निघण्याची शक्यता निम्मी, पूर्ण क्लिअर निघण्याची निम्मी. या बदलामुळे आंधळं होणारं पिल्लू त्या वेतात जन्मूच शकत नाही. दोन वाहक एकत्र आले तर मात्र प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका. इथे बरेच जण फसतात: आठ पिल्लांत बरोबर दोनच आजारी होतील असं कुणी ठरवून दिलेलं नसतं. एखाद्या वेतात एकही नसेल, एखाद्यात चार असतील. फासा प्रत्येक पिल्लासाठी नव्यानं पडतो.

लॅब्राडोरमध्ये हा आजार बहुतेक वेळा मध्यम वयात लक्षात येतो. तोवर कुत्र्याची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असतात. म्हणून ‘आमचा कुत्रा ठणठणीत आहे’ हे वाक्य अशा आजारापुढे निरुपयोगी आहे, आणि म्हणूनच ही चाचणी मोलाची. तुम्ही ती केलीत, तिनं एक माहिती दिली, आणि त्या माहितीचा व्यवहारातला अर्थ एवढाच आहे की या मादीला पीआरसीडी-क्लिअर नर हवा. वाहक निघालेल्या मादीच्या मालकिणीनं अपराधी वाटून घ्यायचं आणि चाचणीच न केलेल्या मादीच्या मालकानं ताठ मानेनं फिरायचं, हा न्याय मला कधी पटलेला नाही.

‘वाहक मादी बादच करा’ या सल्ल्यामागची भावना मी समजू शकते. आजार मुळापासून उपटून टाकावा असं कुणालाही वाटेल. पण बाद केलेल्या कुत्र्यासोबत फक्त तो एक बिघडलेला जनुक जात नाही. तिचे चांगले हिप्स, स्वच्छ कोपरं, स्वभाव आणि हजारो धड जनुक, सगळं जातं. एखाद्या जातीत वाहक बरेच असतील आणि सगळ्यांना एका पिढीत काढून टाकलं, तर उरतात थोडे कुत्रे. त्या थोड्यांत दुसराच एखादा दडलेला दोष असला की पुढच्या पिढ्यांत तो डोकं वर काढतो.

डाल्मेशियनची गोष्ट बघा. या जातीत युरिक ॲसिड हाताळणाऱ्या एका जनुकाची धड प्रतच उरली नव्हती. शुद्ध वंशाच्या प्रत्येक डाल्मेशियनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्यामुळे लघवीत युरिक ॲसिड जास्त आणि अनेक नरांना मूतखड्याचा त्रास. कितीही निवडून मेटिंग केलं तरी सुधारणा शक्य नव्हती, कारण निवडायला चांगली प्रत कुठे होती? शेवटी रॉबर्ट शायबल या जनुकशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक डाल्मेशियन एका पॉइंटरशी जुळवला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवत नेल्या. धड जनुक जातीत परत आला, पण त्या वंशातल्या कुत्र्यांना अमेरिकन केनेल क्लबनं नोंदणीत घ्यायला २०११ उजाडलं. धड प्रत हातची गेली की ती परत आणणं इतकं अवघड असतं. तुमच्या मादीकडे ती अजून आहे. तिला क्लिअर नर द्यायचा, आणि पुढच्या पिढीतलं पिल्लू ठेवायचं झालं तर चाचणी करून, बाकी सगळं सारखं असेल तर क्लिअर असलेलं ठेवायचं. दोन पिढ्यांत तो जनुक तुमच्या घरातून गेलेला असेल, आणि दुसरं काही गमवावं लागणार नाही.

आता नराकडे येऊ.

दोनशे आजारांचा क्लिअर रिपोर्ट ऐकायला भारदस्त वाटतो. अशा एकत्रित चाचण्यांत निरनिराळ्या जातींत सापडलेले जनुकीय बदल एकाच नमुन्यावर तपासतात. त्यातले बहुसंख्य बदल लॅब्राडोरमध्ये आढळतच नाहीत, त्यामुळे त्यापुढे क्लिअर लिहिलेलं असणं ही बातमी नव्हे. लॅब्राडोरच्या दृष्टीनं कामाच्या ओळी मोजक्याच असतात: पीआरसीडी, जोराच्या धावपळीनंतर मागचे पाय लुळे पडून कुत्रा कोसळतो तो ईआयसी, स्नायूंचा सीएनएम, असे काही. नरमालकांच्या रिपोर्टमध्ये या ओळी शोधा. पीआरसीडीपुढे काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, ‘सगळं क्लिअर आहे’ या तोंडी हवाल्यावर जाऊ नका. तुमच्या मादीसाठी ती एक ओळ फार महत्त्वाची आहे. रिपोर्टवरचा मायक्रोचिप नंबर नराच्या चिपशी जुळतो का, हे रीडर लावून बघायला सांगा. नमुना कुणी घेतला, व्हेटनं ओळख पटवून की घरच्या घरी, हेही विचारा. यात अविश्वास नाही. शिस्तीनं काम करणारे ब्रीडर हे न विचारताच दाखवतात.

पण दोनशे काय, दोन हजार ओळी असत्या तरी त्यात हिप डिस्प्लेजियाची ओळ नसती, आणि लॅब्राडोरमध्ये कुटुंबांना खरा त्रास होतो तो इथे. मांडीचं हाड कमरेच्या हाडात बसतं तो उखळीचा सांधा सैल राहतो, घासतो, आणि काही वर्षांत संधिवात जडतो. यामागे एक जनुक नाही, अनेक आहेत, आणि वाढीच्या काळातलं वजन, खाणं, व्यायाम यांचाही हात असतो. गालाच्या आतून घेतलेल्या एका स्वॅबवर, म्हणजे कापसाच्या काडीवरच्या नमुन्यावर, ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं उत्तर त्यामुळे मिळत नाही. सांध्याचा एक्स-रेच काढावा लागतो. कोपराचंही तसंच.

‘तो धावतो कसा बघा’ यावर काय म्हणावं? तरुण, पिळदार स्नायूंचा लॅब्राडोर सांधा बराच बिघडलेला असतानाही सुसाट धावतो. ही जात दुखणं अंगावर काढण्यात पटाईत आहे. शिवाय चॅम्पियनचा किताब देणारा परीक्षक बांधा, चाल आणि स्वभाव बघतो. त्याच्या हातात एक्स-रे नसतो. व्हेटनं हातानं तपासून दिलेलं ‘फिट’ सर्टिफिकेटही असंच. त्या दिवशी कुत्र्याला ताप नाही, हृदयाचे ठोके ठीक आहेत, एवढंच त्यातून कळतं. तुमच्या पहिल्या दोन वेतांच्या वेळी तुम्ही ज्यावर विसंबलात, त्याच गोष्टीवर आज नरमालक विसंबले आहेत. फरक इतकाच की तुम्ही त्यापुढे गेलात.

हिप्सच्या एक्स-रेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण याबद्दल विचारणारी पत्रं नेहमी येतात. कुत्र्याला गुंगी देऊन, पाठीवर निजवून, मागचे पाय सरळ ताणून एक्स-रे घेतात. कंबर जराशी तिरकी झाली तरी सांधा आहे त्यापेक्षा वाईट किंवा चांगला दिसतो. म्हणून हे काम सरावाच्या माणसाकडूनच करून घ्यावं. एक्स-रे आपल्याच व्हेटनं बघून ‘छान आहे’ म्हणणं पुरेसं नाही. १९६६ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या ओएफए या संस्थेत तीन रेडिओलॉजिस्ट तो स्वतंत्रपणे बघतात आणि सातपैकी एक श्रेणी देतात: एक्सलंट, गुड, फेअर या तीन सामान्य, मग बॉर्डरलाइन, आणि शेवटच्या तीन आजाराच्या. तिथे कायमची श्रेणी २४ महिन्यांनंतरच मिळते. ब्रिटनमध्ये व्हेटरिनरी असोसिएशन आणि केनेल क्लबची योजना आहे. तिच्यात प्रत्येक बाजूला ० ते ५३ गुण, दोन्ही मिळून १०६ पर्यंत. गुण जितके कमी तितकं चांगलं, आणि एक वर्ष पूर्ण झाल्यावर एक्स-रे काढता येतो. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी जोडलेल्या देशांत ए ते ई अशी अक्षरं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विकसित झालेली पेनहिप ही पद्धत सांधा किती सैल आहे हे मोजते आणि १६ आठवड्यांच्या पिल्लावरही करता येते. रिपोर्ट हातात आला की आधी तो कुठल्या पद्धतीचा आहे ते बघावं. एका पद्धतीतला ‘फेअर’ आणि दुसऱ्या पद्धतीतला ‘बी’ यांची थेट तुलना होत नाही. आणखी एक. माद्यांचा एक्स-रे हीटच्या आसपास किंवा पिल्लं दूध पीत असताना काढू नये. त्या काळात सांधे सैल दिसू शकतात; मध्ये महिनाभर जाऊ द्यावा.

मनाला न पटणारी एक गोष्टही सांगायला हवी: आई-बाप दोघांचे हिप्स उत्तम असले तरी एखाद्या पिल्लाचा सांधा खराब निघू शकतो. मग एवढा खटाटोप कशाला, असं तुमचा भाऊ विचारेल. कारण शक्यता बदलते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तपासून मेटिंग केलेल्या वंशात ती आणखी बदलते. म्हणूनच फक्त त्या नराचा एक्स-रे नको. त्याच्या आई-बापाचे, भावंडांचे आणि त्याच्या आधीच्या पिल्लांचे रिपोर्ट असतील तर तेही मागा. अनेक जनुकांच्या आजारात नातेवाइकांची माहिती एका कुत्र्याच्या एक्स-रेइतकीच बोलकी असते. तो चॅम्पियन आहे, म्हणजे त्याची पिल्लं बरीच असणार. त्यातल्या किती जणांचे एक्स-रे निघाले?

याच चॅम्पियनपणाची दुसरी बाजू म्हणजे लोकप्रिय नर. सगळ्यांनी एकाच नराकडे धाव घेतली की दहा वर्षांत आजूबाजूचे निम्मे कुत्रे एकमेकांचे सावत्र भाऊबहीण होतात. कुठलाही कुत्रा काही ना काही बिघडलेले जनुक बाळगून असतोच, आणि त्यातल्या पुष्कळांना ओळखणारी चाचणी अजून निघालेली नाही. त्या नराचं ‘क्लिअर’ म्हणजे ज्ञात, तपासलेल्या बदलांपुरतं क्लिअर. तेव्हा तुमच्या मादीची आणि त्याची वंशावळ शेजारी ठेवून सामाईक नावं शोधा. सख्ख्या भावंडांच्या मेटिंगमध्ये अंतःप्रजननाचा गुणांक, म्हणजे एकाच पूर्वजाकडून जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्याच येण्याची शक्यता, २५ टक्के येतो, सावत्र भावंडांत साडेबारा, चुलत-मावस भावंडांत सव्वासहा. दोन आजोबा एकच निघाले तर दुसरा नर शोधायला तेवढं एक कारणही पुरे.

ज्यांच्याकडे लॅब्राडोर नाही अशा वाचकांसाठी इथे थोडं थांबते. यादी जातीप्रमाणे बदलते आणि कधीकधी मुख्य चाचणी डीएनएची नसतेच. डोबरमनमध्ये हृदयाचे स्नायू कमजोर होण्याच्या आजाराशी जोडलेले काही जनुकीय बदल सापडले आहेत, पण ते नसलेले कुत्रेही त्यानं दगावतात. तिथे दरवर्षी २४ तासांचा होल्टर (अंगाला बांधून हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र) आणि इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो. कॅव्हेलियर स्पॅनियल जातीत हृदयाच्या झडपा जपाव्या लागतात. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांचा श्वास बघायचा, आणि तोही टेबलावर निवांत असताना नव्हे, थोडं पळवून. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनच्या केनेल क्लबनं त्यासाठी ० ते ३ अशी श्रेणी २०१९ पासून आणली आहे. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकते. मर्ल, म्हणजे फिकट अंगावर गडद ठिपक्यांच्या, रंगाचे दोन कुत्रे तर एकत्र आणूच नयेत. एक चतुर्थांश पिल्लांना तो जनुक दुहेरी मिळण्याचा आणि त्यातल्या अनेकांना बहिरेपण किंवा अंधत्व येण्याचा धोका असतो. आणि डीएनए क्लिअर असो वा नसो, ब्रीडिंगच्या कुत्र्याचे डोळे नेत्रतज्ज्ञ व्हेटकडून बाहुली मोठी करून दरवर्षी तपासायला हवेत. हे तुम्हालाही लागू आहे, पत्रात त्याचा उल्लेख दिसला नाही. पीआरसीडी हा डोळ्यांच्या आनुवंशिक आजारांपैकी एक. मोतीबिंदू त्या स्वॅबमध्ये दिसत नाही.

मग करायचं काय?

नरमालकांना सरळ सांगा: माझ्या मादीचे हिप्स आणि कोपरांचे रिपोर्ट हे घ्या, तुमच्या कुत्र्याचे मला हवेत, कारण पिल्लांच्या कागदांत मी दोघांचे जोडणार आहे. तुमचा कागद आधी पुढे केलात की मागणीला धार येत नाही. गुंगी देण्याची भीती असेल तर ती खरी असू शकते. व्हेटशी बोलून रक्ततपासणी आधी करून घेता येते. खर्चाचा प्रश्न असेल तर वाटून घेण्याची तयारी दाखवा. ते तयार झाले आणि रिपोर्ट चांगले आले, तर ही जोडी मला आवडेल. मेटिंगआधी दोघांची ब्रुसेला कॅनिसची तपासणीही करा. हा जंतू मेटिंगमधून पसरतो, गर्भ पडतात, आणि माणसालाही त्याची लागण होते. नर अनेक माद्यांना लागत असेल तर ही तपासणी जुनी चालत नाही.

ते ‘खोट तुमच्या मादीत’ याच सुरात अडून बसले, तर दुसरा नर बघा. तुमची मादी साडेचार वर्षांची आहे. एक हीट सोडून दिली तर काही महिने जातील, बिघडणार काही नाही. घाईत ठरवलेल्या वेताची जबाबदारी पुढे बारा-तेरा वर्षं पुरते.

आणि एक पर्याय तुम्ही लिहिलेलाच नाही: तिसरं वेत हवंच का? घरात दोन वर्षांची मुलगी आहे. तिचे एक्स-रे काढायचं वय झालं आहे. तिचे हिप्स चांगले निघाले तर आईबद्दलही एक गोष्ट कळेल, की ती चांगला सांधा पुढे देते. खराब निघाले तर आईच्या पुढच्या वेताचा पुन्हा विचार करावा लागेल, आईचा स्वतःचा एक्स-रे कितीही सुंदर असो. मला विचाराल तर मुलीचे एक्स-रे आणि डीएनए होईपर्यंत मी आईचं मेटिंग करणार नाही. हा माझा कल आहे, नियम नव्हे.

आता कपाटातला रिपोर्ट. तुमचा भाऊ वाईट बोलत नाही, तो घाबरला आहे. लोक काय म्हणतील, नाव खराब होईल, कुणी पैसे परत मागेल, ही भीती बहुतेक ब्रीडरना असते आणि ती अगदीच निराधार नाही. पण आज लपवायला दिसतं तितकं वाईट तिथे काही आहे का, हे आधी तपासा. आधीच्या पिल्लांना धोका किती, हे त्यांच्या बापावर ठरतं. दोन्ही वेतांचा बाप एकच होता की वेगळे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जे असेल ते, त्या नराला किंवा नरांना शोधून काढा आणि त्यांची पीआरसीडी चाचणी करा. गालाच्या आतून घेतलेला एक स्वॅब. तो नर क्लिअर निघाला तर त्या वेतातल्या एकाही पिल्लाची दृष्टी या बदलामुळे जाणार नाही. तुम्हाला फक्त एवढंच कळवावं लागेल की पिल्लू वाहक असू शकतं, मेटिंग करणार असाल तर आधी चाचणी करा. एका चाचणीत सगळ्या घरांची काळजी मिटेल. घरच्या मुलीचीही चाचणी होईलच. पण ती क्लिअर किंवा वाहक निघाली म्हणून बाप क्लिअर ठरत नाही. तिच्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या सापडल्या, तरच बापाबद्दल खात्रीनं बोलता येईल, आणि ती बातमी चांगली नसेल.

बापाचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागणार असतील तर तोवर थांबायला माझी हरकत नाही. अर्धवट माहिती दिली तर लोक उगाच धास्तावतात. पण कुणी आपल्या कुत्र्याचं मेटिंग करायच्या बेतात आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर त्यांना आजच सांगा. आणि बाप सापडलाच नाही, किंवा तोही वाहक निघाला, तर प्रत्येक घरी कळवायचं. मजकूर असा काहीसा ठेवता येईल:

‘नमस्कार. आमच्या मादीची डीएनए चाचणी आम्ही नुकतीच केली. पीआरए या डोळ्यांच्या आनुवंशिक आजाराची ती वाहक आहे. तिला स्वतःला आजार नाही. तुमच्या कुत्र्याच्या बापाकडूनही हा जनुक आला असेल तर कुत्र्याची दृष्टी पुढे कमी होऊ शकते. तशी शक्यता असल्यामुळे आम्ही सर्व पिल्लांची चाचणी सुचवत आहोत. नमुना कसा घ्यायचा ते आम्ही सांगू. निकाल येईपर्यंत त्याचं मेटिंग कृपया करू नका. हे आम्हाला तुम्ही पिल्लू नेलंत तेव्हा माहीत नव्हतं. कधीही फोन करा.’

माफीची लांबण नको, आणि ‘घाबरण्यासारखं काहीच नाही’ हेही नको. जे ठाऊक आहे ते आणि पुढे काय करायचं ते. काही जण चिडतील. ज्यांचा कुत्रा खरंच बाधित निघेल त्यांना सांगण्यासारखंही तुमच्याकडे काहीतरी हवं: दृष्टी हळूहळू जाते, कुत्रे नाक आणि कानांवर चांगलं निभावून नेतात, घरातलं सामान वरचेवर हलवू नये, बाहेर पट्टा सोडू नये, आणि पुढे मोतीबिंदू होऊ शकतो म्हणून डोळ्यांची नियमित तपासणी ठेवावी. आधी कळलेल्या घराला तयारीला वेळ मिळतो. अचानक भिंतीवर आपटणारा कुत्रा बघून ज्यांना कळतं, ते पहिला प्रश्न हाच विचारतात की ब्रीडरला माहीत होतं का. आज तुम्हाला माहीत आहे.

त्याच निरोपात, किंवा थोड्या दिवसांनी, हिप्सचंही विचारून घ्या: कुणाच्या कुत्र्याला उठताना त्रास होतो का, कुणी एक्स-रे काढलाय का. ही माहिती गोळा करणारे ब्रीडर फार कमी, आणि तुमच्या पुढच्या निर्णयाला तीच सगळ्यात उपयोगी पडेल. नवीन पिल्लं देताना तर हे कागदावरच घ्या: दोन्ही पालकांच्या सगळ्या रिपोर्टच्या प्रती, वाहक शब्दासकट; पिल्लाचा चिप नंबर; दोन वर्षांनी एक्स-रे काढला तर निकाल कळवण्याची विनंती; आणि वजनाबद्दल दोन ओळी. ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला आयुष्यभर पाव हिस्सा कमी अन्न देऊन केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सडसडीत ठेवलेल्या कुत्र्यांचं मध्यक आयुर्मान १३ वर्षं आलं, दुसऱ्यांचं ११.२, आणि सडसडीत कुत्र्यांना हिप्सचा संधिवातही कमी आणि उशिरा झाला. जनुक तुम्ही निवडता, वाटी मात्र पिल्लू नेणारे भरतात. तेव्हा हे त्यांना सांगायलाच हवं.

ऑपरेशनबद्दल विचारलंत. पुढे वेत नको असं ठरलं, तर ते करण्याची आरोग्याच्या दृष्टीनं चांगली कारणं आहेत, गर्भाशयात पू होण्याचा धोका टळणं हे त्यातलं मोठं. त्यासाठी व्हेटशी बोला, वेळ हीटपासून दूर निवडा. पीआरएच्या रिपोर्टचा त्या निर्णयाशी संबंध नाही. आधी त्या जुन्या नराच्या मालकांना फोन लावा.